मिरजेत बसून मिसिसिपी जॉन हर्टसारखी गिटार कशी वाजवायची

चार-पाच कॉर्ड येतात, गॅदरिंगला दोन गाणी वाजवून झालीत, खालीवर स्ट्रमिंग करून आता कंटाळा आलाय, आणि एकट्या गिटारीतनंच बास पण निघावा, चाल पण निघावी, वर आपल्याला गाता पण यावं असं वाटतंय, तर हे तुमच्यासाठी आहे. यूट्यूबवर फिंगरपिकिंगचे, म्हणजे एकेका बोटानं तारा छेडून वाजवायचे, इतके प्रकार आहेत की माणूस शिकायचं सोडून नुसता बघतच बसतोय. म्हणून माझं म्हणणं एकच, एक वाजवणारा धरा आणि वर्षभर त्यालाच सोडू नका. माझ्या मते त्यासाठी जॉन हर्टसारखा दुसरा माणूस नाही, कारण त्याचं वाजवणं ऐकायला गोड, बोटांना झेपणारं, आणि त्यानं स्वतः अख्ख्या जन्मात आपली पद्धत फारशी बदलली नाही, त्यामुळं तरुणपणीचं ऐका नाहीतर म्हातारपणीचं, शिकायची गोष्ट तीच राहते.

माणूस थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ॲव्हलॉन नावाचं बारकं खेडं, तिथं हा वाढला, गिटार लहानपणी आपली आपणच शिकला, शेतात राबायचा आणि शनिवारी कुणाच्या तरी घरी नाचगाणं असलं की तिथं वाजवायचा. गावातला फिडल वाजवणारा विली नार्मर, हा गोरा आणि हर्ट काळा, तरी नाचाच्या कार्यक्रमात दोघं कधी कधी जोडीनं बसायचे. नार्मरला ओके रेकॉर्ड कंपनीत चान्स मिळाला, त्यानं तिथं हर्टचं नाव सांगितलं, आणि १९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला हर्टचं रेकॉर्डिंग झालं. नावापुढचं ‘मिसिसिपी’ कंपनीनंच विक्रीसाठी चिकटवलं. पुढं मंदी आली, रेकॉर्ड खपायच्या बंद झाल्या आणि हा गपगुमान शेतावर परत. तब्बल पस्तीस वर्षं एकही रेकॉर्डिंग नाही. मधे १९५२ ला हॅरी स्मिथनं जुन्या अमेरिकन लोकगीतांचा मोठा संग्रह काढला, त्यात हर्टची दोन गाणी होती, त्यामुळं शहरातली पोरं ऐकत होती, पण माणूस जिवंत आहे का गेला हेच कुणाला ठाऊक नव्हतं. १९६३ ला टॉम हॉस्किन्स नावाच्या एका तरुणानं हर्टच्या गाण्यातला गावाचा उल्लेख पकडला, जुन्या ॲटलासात ॲव्हलॉन शोधलं आणि गाडी काढून थेट दारात. हर्टला वाटलं पोलीसच आलेत. त्याच्याकडं तेव्हा स्वतःची गिटार पण नव्हती, हॉस्किन्सनं आपली हातात दिली आणि वाजवून दाखव म्हणाला. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या फोक फेस्टिवलला सत्तरीतला हा माणूस हजारो लोकांपुढं बसला, मग कॉलेजं, कॉफीहाऊस, टीव्ही, नवीन रेकॉर्ड, आणि २ नोव्हेंबर १९६६ ला गेला. म्हणजे जगाला दिसलेलं करिअर एका वर्षाचं आणि मग तीन-साडेतीन वर्षांचं, मधलं सगळं गावात, शेतात.

आता कामाचं. पहिलं काम ऐकायचं, गिटार हातात न घेता. १९२८ ची गाणी ऐका आणि १९६६ चा ‘टुडे!’ हा अल्बम ऐका. ‘लुईस कॉलिन्स’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर’ ही दोन गाणी दोन्हीकडं आहेत, ती एकापाठोपाठ लावा. म्हातारपणी आवाज खाली आलाय, पण बोटांचं काम ओळखू येण्याइतकं तेच. इथं गाण्याचे शब्द सोडून द्या आणि फक्त खालच्या जाड तारांचा ठोका धरा, मांडीवर हातानं तो ठोका देत बसा. एसटीत हेडफोन लावून सांगली-मिरज करत असाल तर तेवढा वेळ रोजचा पुरतो. जुन्या रेकॉर्डवर सूर तुमच्या ट्यूनरशी नेमका जुळणार नाही, तेव्हाचं मशीन आणि तबकडीचा वेग यामुळं तो वरखाली सरकलेला असतोय, त्यामुळं गिटार पिळत बसू नका, ॲपवर गाण्याचा पिच थोडा हलवा नाहीतर तसंच सोडून द्या.

मग गिटार. नवीन घ्यायची असेल तर मोठ्या पोटाची ड्रेडनॉट टाळा, दुकानदार तीच पुढं करतोय कारण आवाज मोठा येतो, पण या वाजवण्याला मधल्या आकाराची, कमरेत बारीक असलेली गिटार बरी पडते, बास घुमून चालीवर चढत नाही. हर्टला न्यूपोर्टवाल्यांनी जी दिली ती गिल्ड कंपनीची एफ-३० पण अशीच मधल्या आकाराची होती. गिल्ड आपल्या खिशाबाहेरची गोष्ट आहे, आणि तिची गरज पण नाही. असलेली ड्रेडनॉट फेकून द्या असंही म्हणत नाही, तीच वापरा, पण तिची ॲक्शन बघा, म्हणजे तारा फ्रेटबोर्डपासून किती उंच आहेत ते. साधी टेस्ट सांगतो, बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली एटीएम कार्डं सरकवून बघा. तीन कार्डं जेमतेम बसली तर उत्तम, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. चार-पाच आरामात जात असतील तर बोटं सोलून निघणार आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसणार.

ॲक्शन खाली आणायची तर ब्रिजवरची पांढरी पट्टी, सॅडल म्हणतात तिला, ती बाहेर काढून खालच्या बाजूनं घासायची. हिशोब लक्षात ठेवा, बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी पायजे तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. घासलेलं परत येत नाही म्हणून थोडं घासा, लावून बघा, परत काढा. आणि इथं आपण सांगली जिल्ह्यातले आहोत याचा फायदा घ्या की राव. मिरजेला सतार-तंबोऱ्याचं काम दीडशे वर्षांच्या वर चाललंय, फरीदसाहेब शिकलगार हत्यारांना धार लावायचं सोडून वाद्यांकडं वळले तेव्हापासनं, आणि २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग पण मिळालाय. घोडीवर जवारी काढणारे, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासून बसवणारे हात अर्ध्या केसाचा फरक ओळखतात. माझी सॅडल मी तिथंच करून घेतली. फक्त एक खुलासा सुरुवातीलाच करायचा, कारण त्यांचं सगळं आयुष्य तार घोडीला चाटून गुंजली पाहिजे यात गेलंय आणि आपल्याला बरोब्बर उलटं हवंय.

मी म्हटलं, “चाचा, यात जवारी नको हां.”

त्यांनी पट्टी नखावर टेकवली, उजेडाकडं धरली आणि म्हणाले, “मग तार मुकी करू का?”

“मुकी नको, पण झणझण पण नको.”

“म्हणजे तार एका धारेवरनं सुटायला पायजे,” म्हणाले, आणि पट्टीचा वरचा माथा सपाट होता तो कानशीनं गोल करत नेला, पुढच्या कडेला बारीक धार ठेवली, मधे दोनदा पट्टी बसवून एकेक मोकळी तार छेडून कान लावला. त्यानंतर त्या गिटारीच्या बारीक तारा जशा सुटतात ना, विषय नाही! तुमच्या गिटारीला प्लास्टिकची सॅडल असेल तर हाडाची बसवून घ्या, खर्च फार नाही. आणि तिथं कुणी मिजराब (सतार वाजवताना बोटात घालायची तारेची नखी) पुढं केली तर नम्रपणे नको म्हणा, आपल्याला उघडीच बोटं लागतात.

तारा फॉस्फर ब्राँझ, ११ नंबरचा सेट घ्या, १२ चा आवाज जास्त भरतो पण सुरुवातीला ११. पावसाळ्यात नदीकाठच्या भागात गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, भिंत ओल धरते, केसमध्ये ठेवा. पुराचं तर काय सांगायला नको, माळ्यावर आधी गिटार मग गाद्या.

आता खरं काम सुरू. गिटार मांडीवर घ्या, नेहमीच्या ट्यूनिंगला लावा, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका गिटारच्या अंगावर, तारांच्या खाली, हलकी टेकवा. हर्ट असंच करायचा, त्यामुळं हात तरंगत नाही. उरला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. तारा बारीककडनं मोजायच्या, सगळ्यात बारीक ती पहिली. अंगठ्याकडं जाड तारा, तर्जनीकडं दुसरी, मधल्या बोटाकडं पहिली, तिसरी तार ज्याला सापडेल त्यानं घ्यावी.

पहिले काही आठवडे फक्त अंगठा. सी कॉर्ड धरा आणि अंगठ्यानं पाचवी-चौथी-पाचवी-चौथी, एकसारखं, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर. मग जी कॉर्डला सहावी-चौथी-सहावी-चौथी. बास्स. हे इतकं सोपं वाटतंय की सगळे दोन दिवसांत पुढं पळतात आणि मग पुढं कुठंतरी अडकले की परत इथंच यावं लागतं, कारण हर्टच्या वाजवण्यातली सगळी गंमत अंगठ्यावर उभी आहे. भजनात गाणारा कुठंही फिरून येऊ दे, टाळ थांबत नाही, तसा अंगठा थांबायचा नाही. चाल चुकली, शब्द विसरला, तार तुटली तरी अंगठा चालूच. अंगठा पक्का झाला का नाही हे बघायची माझी परीक्षा अशी की अंगठा चालू ठेवून मोठ्यानं कोल्हापूर पॅसेंजरची स्टेशनं म्हणायची, मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, कोल्हापूर, आणि तशीच उलटी परत यायची. जीभ आणि अंगठा एकमेकांत अडकले नाहीत तर तुम्ही पुढं जायला मोकळे. घरच्यांशी “जेवायला वाढू का” “हो वाढ” एवढं बोलता आलं तर मग झालंच.

पुढचं पाऊल, चिमटा. अंगठ्याच्या पहिल्या ठोक्याबरोबर मधल्या बोटानं पहिली तार एकदमच वाजवायची, बाकी तीन ठोके अंगठा एकटा. नीट जमलं की मग बोट दोन ठोक्यांच्या मधे टाकायचं. अंगठा एक, दोन, तीन, चार म्हणतोय आणि दोन झाल्यावर तीनच्या आधी, बरोब्बर मधे, तर्जनी दुसरी तार उचलते. कागदावर लिहायला हे फार किचकट होतंय, पण तोंडानं “एक, दोन-न, तीन, चार” असं म्हणत वाजवलं की हाताला आपोआप कळतं. ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाजतायत असं वाटतं ते या मधल्या उचलीमुळंच. अमेरिकन लोकगायक पीट सीगरच्या टीव्ही कार्यक्रमात हर्ट आलेला त्याचा व्हिडिओ बघा, स्पीड अर्धा करा, चेहऱ्याकडं बघू नका (बघावासा वाटतो, टोपी घालून इतका निवांत बसलेला असतोय) आणि फक्त उजव्या हाताकडं बघा. हात जवळपास हलतच नाही.

पहिलं गाणं ‘स्पाइक ड्रायव्हर’ घ्या. कारण जवळजवळ सगळं गाणं एकट्या जी कॉर्डवर चालतं, डावा हात बसून राहतो आणि तुमचं सगळं लक्ष उजव्याला मिळतं. दुसरं ‘लुईस कॉलिन्स’, सी मधलं. इथं एफ येतो आणि लोक तिथं बॅरे, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबून, धरायला जाऊन मनगट दुखवून घेतात. बॅरे नको. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या वरनं आणा आणि सहाव्या तारेचा पहिला फ्रेट अंगठ्यानंच दाबा, बाकी बोटं नेहमीच्या छोट्या एफ ला. क्लासिकल शिकवणारे सर बघतील तर रागावतील, रागावू देत. ज्यांची बोटं लहान आहेत त्यांना हा अंगठा सुरुवातीला पोचत नाही, त्यांनी गिटारची मान थोडी वर उचलून धरावी, आणि तरीही नाही पोचला तर सहावी सोडून चौथी-तिसरी अशी अदलाबदल करावी, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

तिसरं गाणं मी हर्टचं सांगत नाही, एलिझाबेथ कॉटनचं सांगतो, ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी. सी, जी सेव्हन, ई सेव्हन, एफ, एवढ्यात होतंय आणि चाल एकदा ऐकली की डोक्यातनं जात नाही. ही बाई नॉर्थ कॅरोलायनाची, लहानपणी लोकांच्या घरी कामं करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. डावखुरी होती, उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवायची, म्हणजे बोटांनी बास आणि अंगठ्यानं चाल! तर डावखुऱ्या मंडळींनो, तारा उलट्या लावायच्या का डावी गिटार शोधायची हा प्रश्न तिनं शंभर वर्षांपूर्वी सोडवलाय. तरी तुम्ही तारा उलट्याच लावून घ्या, नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, पण बदलून घ्या, ते सोपं पडतं. तिच्या सारखं वाजवायला तिचाच हात पायजे. लग्न, चर्च, संसार यात तिची गिटार कित्येक वर्षं सुटली होती, पुढं सीगर कुटुंबाकडं घरकामाला असताना तिथल्या भिंतीवरची गिटार परत हातात आली, पहिला अल्बम १९५८ ला, म्हणजे साठी उलटल्यावर, आणि ग्रॅमी नव्वदीत. तुम्ही पस्तीशीत नोकरी करून संध्याकाळी गिटार शिकताय म्हणून कुणी हसलं तर हे सांगा.

तीन गाणी झाली की थांबा आणि सहा महिने तीच वाजवा. नवीन गाण्याची हाव सुटत नाही हे खरंय, पण हर्टनं गावात वर्षानुवर्षं तीच तीच गाणी वाजवली म्हणूनच मधे एवढा खंड पडून पण १९६३ ला उसनी गिटार हातात आल्यावर बोटांनी दगा दिला नाही. आणि एकटं खोलीत वाजवू नका. त्याचं सगळं शिक्षण लोकांच्या घरात, पाय हलवणाऱ्या माणसांपुढं झालंय. कोजागिरीला गच्चीवर दूध आटतंय तिथं वाजवा, गणपतीत आरती झाल्यावर मंडपात वाजवा. लोक बोलतील, पोरं पळतील, मधेच कुणीतरी “ते ‘झिंगाट’ येतंय का” विचारील, तेव्हा अंगठा चालू राहतो का बघा.

आता ज्यांना स्वतःचं गाणं करायचंय त्यांच्यासाठी, आणि मला यातच जास्त रस आहे. हर्ट गाणी करायचा ती जवळच्या बातम्यांवर आणि ऐकीव गोष्टींवर. ‘लुईस कॉलिन्स’ हे एका खुनाचं गाणं आहे, लोक त्याबद्दल बोलत होते ते ऐकून त्यानं रचलं, आणि गंमत म्हणजे चाल इतकी हळुवार की शब्द न कळणाऱ्याला अंगाई वाटावी. १९२७ ला मिसिसिपी नदीला महापूर आला त्यावर तर ब्लूजवाल्यांनी गाण्यावर गाणी केली. आपल्याकडं ऑगस्ट आला की अख्खी सांगली एकमेकांना “आयर्विनला किती फूट?” विचारत असते, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय, २०१९ आपण पाहिलाय, आणि तरी गिटार घेतली की आपण लिहितो काय, तर चंद्र, तू, पाऊस आणि खिडकी. पट्ठे बापूराव आपल्या वाळव्यातल्या रेठऱ्याचे, अण्णाभाऊ वाटेगावचे, दोघांनी माणसं कशी बोलतात ते ऐकून लिहिलं. तेवढंच करायचं.

आता मराठी शब्द या ठोक्यावर कसे बसवायचे. इंग्रजी गाण्याचा साचा धरून त्यात मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्वदीर्घाची वाट लागते आणि ऐकायला डब केलेल्या सिनेमासारखं लागतं. त्यापेक्षा छोट्या अभंगाचा साचा घ्या, आठ अक्षरं आणि आठ अक्षरं, शेवटी यमक. अंगठ्याच्या एका ठोक्याला दोन अक्षरं, म्हणजे चार ठोक्यांत एक ओळ बरोब्बर बसते. नमुन्याला एक देतो:

कृष्णामाईच्या काठाला
पाणी लागलं ओट्याला

म्हणून बघा, कृष्णा, माई, च्या का, ठाला. चार ठोके. एक ओळ गायची, पुढचे चार ठोके गायचं नाही, तिथं बोटांनी पहिल्या-दुसऱ्या तारेवर चाल वाजवायची, मग दुसरी ओळ. हर्ट पण कधी कधी ओळीचं शेपूट गायचाच नाही, ते गिटारकडनं म्हणवून घ्यायचा, आणि लोकांना ते जास्त आवडायचं. अक्षर जास्त झालं तर घाबरू नका, बोलण्यात जसं आपण “लागलंय” चं “लागलं” करतो तसं कापा, पण ऱ्हस्व अक्षर ओढून दीर्घ करू नका, ते कानाला टोचतं. कॉर्ड तीनच ठेवा, सी, एफ, जी. कडवी सात-आठ लिहा आणि गाताना चारच गा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कॉटनबाईनं ते ‘फ्रेट ट्रेन’ पोरवयात केलेलं, आणि १९५७ ला इंग्लंडमध्ये ते हिट झालं तेव्हा रेकॉर्डवर गीतकार म्हणून भलत्याचीच नावं होती, तिचं नाव लागायला पुढं भांडावं लागलं. आपल्याकडं गाणं लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, पण उद्या कुणी रीलवर उचललं तर पुरावा हाताशी लागतो. म्हणून गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी, आवाज बसलेला असला तरी, फोनवर सुरुवातीला तारीख आणि स्वतःचं नाव बोलून अख्खं रेकॉर्ड करा, शब्द टाइप करून त्याच्यासोबत स्वतःलाच ईमेल करा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ते त्यानंतर.